पेव

तालुक्याहून आलेल्या फॉर्मात एक चौकट आहे:
गावाचा इतिहास, शंभर शब्दांत.
शुक्रवारपर्यंत पाठवा म्हणाले.
मी हत्तरगुंडीचा क्लार्क.
जन्ममृत्यूची वही माझ्याकडे, घरपट्टीची पावतीबुकं,
कुत्रं चावल्याचे तीन अर्ज.
इतिहास कुठल्या कपाटात असतो, ते चार्ज देताना
आधीच्या क्लार्कनं सांगितलं नाही.

सलूनच्या बाकावर विचारलं तर
चांदसाब नदाफ साबणाच्या फेसातूनच म्हणाले,
लिही, आमच्या बांधावर एक राज्य संपायचं
आणि दुसऱ्या राज्यातल्या बाभळीची सावली
दुपारनंतर अलीकडं यायची.
बायका तिकडून पाणी आणायच्या.
घागरीवर जकात कुणी घेतली नाही.

आणखी?
आणखी काय, म्हणाले, दाढी होऊ दे की बे.

बुधवारी पाइपलाइन खणताना चावडीपुढं
जेसीबीचं पुढचं चाक खचलं.
सिमेंटच्या रस्त्याखाली काळी फरशी,
फरशीखाली तोंड, माणूस जेमतेम मावेल एवढं,
आणि आत कुणाच्याच आठवणीतला नसलेला गारवा.
पेव! पेव!
शाळा न सुटताच पोरं आली, मागून मास्तर आले,
गिरणीचा पट्टा थांबला,
सुनेच्या हाताला धरून गुरुबाळव्वा आली आणि
काठीनं जागा दाखवत कन्नडात म्हणाली,
इथं एक नव्हतं, सात होती.

मग जो तो बोलायला लागला.
ज्वारी कशी ओतायचे, कडेनं काड कसं लावायचे,
वरून शेणमातीनं तोंड कसं लिंपायचे.
पेवातल्या दाण्याला आंबूस वास यायचा,
त्याची भाकरी पाहुण्याला वाढत नसत,
घरातली मात्र ती मागून खायची.
उघडलं की दोन दिवस तसंच ठेवायचं,
आतली हवा वाईट, माणूस गपकन झोपतो,
म्हणून आधी कंदील सोडायचा.

रेवणसिद्ध बिराजदार छाती काढून म्हणाला,
दोर आमच्या आज्याच्या हातात असायचा.

नागूबाई गर्दीच्या कडेला होती.
हातात भाजीची पिशवी, पायात एक चप्पल तुटलेली.
कंदिलाला रॉकेल लागायचं, ती म्हणाली.
आधी माझा आजा सोडायचे.

जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं.
रेवणसिद्धनं आपल्या हातांकडं पाहिलं,
मग ते कुठं ठेवावेत ते त्याला सुचेना.
कुणीतरी खोकलं. एका पोरानं विचारलं,
मग ते झोपले का आत?
नाही, नागूबाई म्हणाली, दरवर्षी वर आला.
वर आला की दोन पायली मिळायची.
मेला तो अंथरुणात, उन्हाळ्यात, आपल्या घरी.

मोबाइलचा उजेड आत सोडला दोरीला बांधून.
तळाशी काळा भुगा, एक फुटकं मडकं,
भिंतीवर उतरत्या माणसानं टाच रोवायला
कोरलेले खळगे. पाच. सहावा अर्धा.
बादलीनं थोडा भुगा वर काढला.
नागूबाईनं चिमूट नाकाशी नेली.
तोच वास, म्हणाली,
आणि पदराला हात पुसून घरी गेली.

रात्री मी चौकटीत लिहिलं: गाव जुने आहे.
सत्त्याण्णव शब्द उरले.
बाहेर ठेकेदार फोनवर विचारत होता
पाइप वळवायचा की पेव बुजवायचं.

गुरुवारी ऑफिस उघडायच्या आत
ती पायरीवर बसलेली. म्हणाली,
आज्याचं नाव बसंल का त्यात?
बसंल की. सांगा.
सगळा गाव सटव्या म्हणायचा.
तू सटवाजी लिही.

मी आधीचे तीन शब्द खोडले.
सटवाजी, असं पहिल्या ओळीला लिहिलं.
तिला अक्षर येत नाही, तरी तिनं कागद मागून घेतला,
उलटा धरला,
मी सुलटा करून दिला.
पुढं काय लिहिणार, तिनं विचारलं.
बिराजदारांना विचारतो, म्हटलं,
दोर किती लांब होता.