काळी दोन

रिमविदास, तुमचा निरोप पोचला.
अकॉर्डियनच्या मधल्या सप्तकातली काळी दोन
वाजत नाही म्हणता. भाता दाबला
की नुसती हवा.

पहिलं उत्तर रागानं लिहिलं:
जुनं म्हणूनच विकलं, फोटो नऊ होते,
नव्वद युरोत आणखी काय हवं?
मग पुसलं. चहा ठेवला.
कौनासला हल्ली चारलाच अंधारतं.

दुसरं उत्तर माफीचं,
दुकानदारी, गुळगुळीत. तेही पुसलं.

खरं सांगू? मला माहीतच नव्हतं.
झिगमास बत्तीस वर्षं वाजवायचा,
लोकांच्या लग्नांत, नदीकाठी, दात दुखत असतानाही,
आणि दर गाण्यात एका जागी
ठेच लागल्यासारखा थबकायचा.
मला वाटायचं, चालच तशी आहे.
मीही तशीच गुणगुणते अजून,
भांडी घासताना, तेवढी जागा सोडून.

पैसे आजच परत करते, टपालखर्चासकट.
वाद्य ठेवा किंवा धाडा, तुमची मर्जी.

आणि हो, डावा पट्टा
एक भोक आखूड बसतो.
त्याचा तो खांदा उतरता होता.
हेही जाहिरातीत लिहायचं राहिलं.

— दानुते