वळण्याची त्रिज्या

साहेब म्हणाले, मढवी, गाडी तुम्ही चालवता,
तपशील तुम्हीच लिहा, खाली सही मी करतो.
म्हणून रात्रपाळीत, फोन गप्प असताना,
कोपरखैरण्याच्या केंद्रात, जेवणाचा डबा बाजूला सारून
मी नव्या बंबाचं वर्णन लिहायला बसलो.

टाकी: साडेचार हजार लिटर.
पंप: मिनिटाला इतकं, इतक्या दाबाला.
हे सोपं. हे मागच्या फाइलीतून उतरवता येतं.
मागच्यानं ते त्याच्या मागच्यातून उतरवलेलं,
एका पानावर अजून टेलेक्स क्रमांकाचा रकाना आहे.

आमच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब:
पोटात विस्तव, भोवती पाणी.
इथं पाणी पोटात आणि विस्तव बाहेर.
नवी पोरं भरती झाली की मी त्यांना हे सांगतो.
ती हसतात. पुढच्या वर्षी हसत नाहीत.

अडलो कलम एकोणीसपाशी.
वळण्याची त्रिज्या.
जुन्या फाइलीत: "उत्पादकाच्या मानकाप्रमाणे".
उत्पादक आमच्या गावठाणात कधी आलेला नाही.

रविवारी गणवेश न घालता टेप घेऊन गेलो.
टेप दिसली की गावात आधी दारं लागतात.
ओट्यावर सुकट निवडणारी म्हातारी उठून उभी राहिली:
"कुनाचा घर पाराला आलाव?"
नाय गो आये, गारी आनायची हाय, मोठी,
ती वलते का बगतू.
ती पुन्हा बसली, पण टेपेवरची नजर काढली नाही.

तिच्याच ओट्याच्या कोपऱ्यावर, कोपरभर उंचीला,
लाल रंगाचे ओरखडे आहेत.
आमचे आहेत.
त्या रात्री सिलेंडर फुटला तेव्हा इथं
सात वेळा मागं-पुढं केलं होतं मी.
अहवालात लिहिलंय: विलंब नाही.
अहवाल खरा आहे. केंद्रातून आम्ही
एका मिनिटाच्या आत निघालो होतो.

निविदापूर्व बैठकीला चार कंपन्या आल्या.
बिस्किटं आली. गळ्यात पट्टा घातलेला एक तरुण म्हणाला,
साडेसहा मीटर हा आकडा कुठून आणला?
बाजारात अशी चॅसी नाही.
मी म्हटलं, भिंतीवरून.
ओहोळ मॅडमचं पेन थांबलं,
मग इतिवृत्तात त्यांनी लिहिलं: "स्थानिक गरजेनुसार".
आठ दिवसांनी शुद्धिपत्रक निघालं.
साडेसहाच्या पुढं एक शब्द वाढला होता:
शक्यतो.

त्यानंतर फाइल लेखा विभागात गेली,
तिथून परत आली, पुन्हा गेली, स्थायीत राहिली,
सर्वात कमी दरवाल्याचा दर आणखी कमी झाला,
पावसाळा संपला, दुसरा लागला.
चाकणच्या पुढं एका शेडमध्ये तपासणीला गेलो तेव्हा
ती नुसती चॅसी होती, अंगावर काही नाही,
चालकाच्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची तारेनं बांधलेली.
मी बसून पाहिलं. क्लच हलका आहे.

जुनीची नोंदणी पंधरा वर्षांवर संपली.
लिलावात तिचा भाव किलोवर ठरला.
न्यायच्या आधी टाकीत उरलेलं पाणी
आम्ही केंद्रामागच्या शेवग्याला सोडलं. तासभर चाललं ते.
तिचा दुसरा गिअर हात लावून, जरा समजूत काढून टाकावा लागे,
हे मी भंगारवाल्याला का सांगितलं कोण जाणे.
तो म्हणाला, काका, क्रेननंच नेणार आहे.

नवीला हार घातला, नारळ फुटला, फोटो झाले.
पाहुणे गेल्यावर मी तिला सायरन न लावता गावात नेली.
म्हातारी ओट्यावरच होती, पाय वर घेऊन बसली.
आरसा दुमडला. चाक पूर्ण कापलं.

चार वेळा.
सातातून तीन गेले.
हे तीन कुठल्या रकान्यात धरतात,
ओहोळ मॅडमना विचारायला हवं.