चौथ्या भागातला धूमकेतू

आओमोरीहून रात्री दोन चाळीसची फेरीबोट.
खाली तिच्या पोटात आमचे ट्रक साखळ्यांनी बांधलेले,
तोगाशीच्या ट्रकात सफरचंदं, माझ्यात रिकामे क्रेट.
वर ड्रायव्हरांच्या खोलीत, चटईवर पाय पसरून
आम्ही तोच वाद पुन्हा उकरतो:
सहा भागांत खरा खलनायक कोणता?

तोगाशी म्हणतो, पहिलाच.
ओर्वाल. सोळा रंगांत मावलेला,
शिंगं दोन, संवाद दीड.
जग का बुडवायचं, हे त्याला कुणी विचारलं नाही,
त्यानंही सांगितलं नाही.
'कारणं देत नाही तो माणूस प्रामाणिक,' असं म्हणून
तो नूडल्सवर उकळतं पाणी ओततो, झाकण ठेवतो.

जगही तेव्हा तेवढंच होतं.
पूर्वेच्या कडेवरून पाऊल टाकलं की पश्चिमेला उगवायचो,
सात मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा,
समुद्र म्हणजे एकच निळा चौकोन, हजार वेळा.
तरी हरवायचो आम्ही त्यात.

पाचव्या भागात गवताचं पातं न् पातं हलतं,
सावल्या उन्हाप्रमाणे लांबतात,
पण डोंगराकडे चालत गेलं की
हवेवरच कपाळ आपटतं.
त्या दिवशी तोगाशीनं तो भाग विकून टाकला.
'भिंत आहे तर दिसू द्या की.'

दुसऱ्यातली राणी सेल्मिर.
मुलगा गेला म्हणून तिनं साऱ्या राज्याची झोप चोरली.
बाराव्या वर्षी तिला मारताना माझा हात हलला नाही.
मागच्या हिवाळ्यात पुन्हा खेळलो,
तलवार उचलली,
आणि कंट्रोलर ठेवून भांडी घासायला गेलो.

तिसऱ्याचं नाव दोघांनाही आठवत नाही.
त्याच्याकडे विमानं होती.

सहाव्यात शेवटी कळतं की खलनायक तूच.
तोगाशी एवढा हसला की कोपऱ्यात झोपलेला कुणी तरी कण्हला.
'चाळिशीनंतर ही काय बातमी झाली?'

मी चौथ्याच्या बाजूचा. गाल्देनच्या.
त्यानं आभाळातून धूमकेतू ओढून आणला
आणि सांगितलं, उद्या पहाटे सगळं संपेल.
मग मी ऐंशी तास मासे पकडले.
एका म्हातारीची पत्रं तीन बेटांवर पोचवली,
तिचं मांजर शोधलं, ते पुन्हा हरवलं, पुन्हा शोधलं.
धूमकेतू गावावर तसाच लटकलेला,
लाल, देवळाच्या छपराला टेकेल इतका खाली.
आणि तो मनोऱ्यावर उभा, अंगरखा फडफडत,
एकदाही घड्याळ न पाहता.
इतकी सवड मला कुणी दिली नाही,
डेपोच्या मॅनेजरनं नाही, बँकेनं नाही,
बापानंही नाही. मी गुरुवारी येतो म्हणालो होतो,
तो बुधवारीच गेला.

तोगाशी काही बोलला नाही.
झाकण काढलं तर नूडल्स फुगून वर आलेल्या.
अर्ध्या त्यानं माझ्याकडे सरकवल्या.

भोंगा. हाकोदाते. ड्रायव्हरांनी खाली यावं.
साखळ्या सुटल्या, डिझेलचा वास चढला,
रॅम्पच्या फटीतून बर्फाचा उजेड आत आला.
काच खाली करून तोगाशी ओरडला,
'मग शेवटी मारलास का त्याला?'
मागचे हॉर्न वाजवत होते.
'दोन मासे राहिलेत अजून,' मी म्हणालो
आणि गिअर टाकला.