सैल

मरियमबी सोलकर, उर्दू शाळेच्या निवृत्त हेडबाई,
दाभोळच्या जेट्टीवरून स्वतः गाडी चालवत आल्या.
म्हणजे शेवटचा चढ
मासळीवाल्या पोरांनी ढकलला.
'एकोणनव्वदची फियाट,' म्हणाल्या,
'फेरीतून उतरताना चढावर बंद पडते.
दर वेळी नाही.
आणि तुझ्यासमोर तर पडणारच नाही, बघ.'

तसंच झालं.
किल्ली फिरवली आणि इन्स्पेक्शनला बसलेल्या वर्गासारखी
शहाणी होऊन सुरू.

गुहागरच्याने कॉइल बदललेली.
चिपळूणच्याने बॅटरी, मग पॉइंट, मग कंडेन्सर.
बिलं सगळी एका वहीत डकवलेली, तारखेसकट,
पुढे लाल शाईत शेरा: उपयोग नाही.
उपयोग नाही.
थोडा उपयोग.
उपयोग नाही.

तुटलेली वायर सरळ असते.
टेस्ट लॅम्प लावा, पेटत नाही, विषय संपला.
सैल वायर माणूस बघून वागते.
मी हे तिला सांगितलं नाही,
छत्तीस वर्षं तिने काय बघितलं असणार दुसरं.

बॉनेट उघडलं तर आत खाडी.
बॅटरीच्या टोकांवर पांढरा फुलोरा,
वायरींच्या लगांना शेवाळी रंग.
इथली हवा आवरणाखाली शिरते, घाई करत नाही,
वरून वायर लालबुंद, नवी कोरी,
आत तांब्याचा हिरवा चुरा.

गरम पाणी ओतलं, सोडा टाकला, फसफसलं.
शिसं उजळेपर्यंत पॉलिश पेपर फिरवला.
मग इंजिन चालू ठेवून एकेक वायर हलवत गेलो,
डॉक्टर पोट दाबतो तसा.
इथे? नाही. इथे? नाही.
कॉइल. डिस्ट्रिब्यूटर. डायनॅमो.
कुठेच आवाज बदलेना.
मुकेश चहा घेऊन आला, निवला, साय धरली.

हात सहज चोकच्या तारेला लागला
आणि पोळला.
ही तार कशाला तापावी?
हिच्यात करंट जायचं कारण काय?
कारण त्याचा रस्ता बंद आहे
आणि घरी तर जायचंय त्याला,
मग मिळेल त्या गल्लीतून.

खाली वाकलो. टॉर्च दातात.
इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये ती विणलेली पट्टी,
बोट लावलं, बोल्ट फिरला.
नुसत्या बोटाने.
सपाटीवर टेकून असायची,
चढावर इंजिन रबरांवर मागे कललं की उचलली जायची
केसभर.

'बाई,' मी खालूनच ओरडलो, 'अर्थ लागत नाही!'
'छत्तीस वर्षं,' वरून आवाज आला,
'मुलं मला हेच सांगायची.'

पट्टी काढली. गंज, जुना रंग, सगळं खरवडून
लोखंड चांदीसारखं केलं,
दात असलेला वायसर घातला, दहाच्या पान्याने आवळलं,
वर ग्रीसचा हात,
म्हणजे वाऱ्याला थोडं थांबावं लागेल.

'काय होतं?'
'काही नाही. सैल होतं.'
'एवढंच?'
'एवढंच.'
तिने वही काढली.
वायसर, दोन रुपये. मजुरी मी सांगितली त्याहून पन्नास जास्त.
शेऱ्याची जागा मोकळी ठेवली.
'महिनाभर बघू,' म्हणाली आणि लाल पेनाला टोपण लावलं.

साडेसहाच्या फेरीत गाडी चढली.
मी हात पुसत दुकानाच्या पायरीवर उभा.
पलीकडे धोपाव्याला फळी पडली,
दोन दिवे बाहेर आले, चढाला लागले,
अर्ध्यावर एकदा
लुकलुकले.

तिथे खड्डा आहे.
मला माहीत आहे तिथे खड्डा आहे.
तरी दिवे माडांमागे जाईपर्यंत
दहाचा पाना हातातच राहिला.