मंगळवारची खोली

वडगावात आमच्या गल्लीत सोळा माग,
पहाटेपासून खटखट.
त्या आवाजाचे उपकारच होते.
भांडं आदळलं की पाठ,
शेजारच्या इंदुमतीला कळायचं नाही.
लाईट गेली की मात्र सगळी घरं एकदम गप्प.

शपथा झाल्या. मठातला अंगारा,
दर्ग्यातला गंडा,
कॅम्पातल्या फादरनी डोक्यावर ठेवलेला हात.
नव्वदीचं पाकीट खिशात होतंच,
अंगाऱ्याच्या पुडीला चिकटून.

आता मंगळवारी शाळेची खोली. बालवाडीचे बाक,
गुडघे हनुवटीला लागतात.
फिलोमिना खानापूरच्या बसनं येते, क्रूस मुठीत धरून.
गंगव्वा कन्नडात सांगते, निम्मं कळतं,
'साकु' एवढं पुरतं.
हुद्दार मास्तर देव मानत नाहीत,
मुलाचं नाव घेताना चष्मा पुसतात.

पहिल्या दिवशी उभी राहिले.
म्हटलं, आमचे हे...
मास्तर म्हणाले, त्यांचं राहू दे, तुमचं सांगा.
माझं?

मालकाला खोटं सांगितलं, ताप आहे म्हणून.
दोनदा बाटली मीच आणली,
रस्त्यात पडण्यापेक्षा घरात पडू दे म्हणून.
पोरीला म्हटलं, बाबा दमलेत.

केवढ्यानं ओरडत होते मी, खिडकीतली कबुतरं उडाली.
फिलोमिनानं पदर ओढला,
"हळू गो बाय. हंगा माग नात."

ते अजून पितात.
काल मालकाचा फोन वाजला.
उशाशी ठेवला त्यांच्या, वाजू दिला,
आणि कांड्या भरायला बसले.