रिकामा खांदा

मेयोतल्या डॉक्टरीणबाईनं विचारलं,
"व्यायाम करता का?"
म्हटलं, कळमन्यात मिरचीचे कट्टे उचलतो,
बावीस वर्सं झाली.
"ते काम झालं. मी व्यायाम विचारते."
अन् कागदावर लिवलं : नाही.

मंग काय, रविवारी
जावयाचे बूट घालून गेलो अंबाझरीले.
हात हालवत चालनारे लोकं,
मनगटावरच्या घड्याळात पावलं पाहानारे.
आपली मोजनी मापारी करते,
पावलाची नाही, कट्ट्याची.

अर्धा तास चाललो.
कुठीच काही उतरवाचं नव्हतं.
डावा खांदा तरी
खालीच वाकून होता, सवयीनं,
अन् मिरची नसतानी
ठसका आला.

बाकावर टेकलो, तं
बाजूचा घाम पुसत म्हने,
"नवीन दिसता? हळूहळू जमते."