निसरडं

सावद्याच्या बाहेर, केळीच्या बागेत
रात्रभर पाणी सोडलेलं.
काळी माती लोण्यासारखी.
मी चपला हातात घेतल्या
आणि तिसऱ्याच पावलाला बसलो.

बलदार तडवी हसला नाही.
खांद्यावर वीस किलोचा घड,
घडाखाली घडी घातलेलं गोणपाट.
म्हणाला, "सर, टाच नका टेकू पह्यले.
आंगठा रोवा."

एकतीस वर्षं मी फैजपूरच्या कॉलेजात
सुख म्हणजे काय ते शिकवलं,
ग्रीकांचं सुख, बुद्धाचं दुःख,
दहा मार्कांना हमखास.
अझ्टेकांना अभ्यासक्रमात एक ओळ नव्हती.
ते भेटले निवृत्तीनंतर,
मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला.
समुद्रापलीकडची ती माणसं म्हणायची,
जमीन निसरडी आहे.
शहाणाही घसरतो, भलाही घसरतो.
सुखाचं काय, ते येईल जाईल;
आपण मूळ धरावं.

मूळ!
मी बागेकडे पाहिलं.
केळीला धड खोडही नसतं,
पानावर पान गुंडाळलेलं नुसतं,
आणि मुळं वीत-दीड वीत खोल.
मे महिन्यात वादळ सुटलं
की अख्खी बाग आडवी.
म्हणून एकेकीला बांबूचा टेकू,
सुतळीनं शेजारणीला बांधलेली.

पुस्तकात हे नव्हतं.
किंवा होतं, माझंच लक्ष नव्हतं:
एकट्यानं कुणी नीट जगत नाही, म्हणायचे ते,
कुणीतरी समोर आरसा धरावा लागतो,
तेव्हा कुठे माणसाला चेहरा येतो,
चेहऱ्याला काळीज.

दुपारी बांधावर त्यानं फडकं सोडलं.
मक्याची भाकर, लाल मिरचीचा ठेचा.
म्हटलं, बलदार, हा मका त्यांचा,
मिरचीही त्यांच्याकडचीच.
"कोनाची?"
त्या निसरड्या जमिनीवाल्यांची.
"मंग त्याहीले सांगा," घास मोडत तो म्हणाला,
"यंदा कणीस बारीक पडलं."

ते देवाला माणसंही वाहायचे,
सूर्य थांबू नये म्हणून.
हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.
भाकर गोड लागत होती.
तिथं घसरलो
दुसऱ्यांदा.

मग ट्रकपर्यंतची वाट.
तो पुढे, घडासकट, तोल सांभाळत,
मी मागे,
त्याच्या अंगठ्यानं पाडलेल्या खळग्यांत
माझा अंगठा ठेवत.
खळगे पाण्यानं भरत होते
मी पोचायच्या आत.

आणखी दोनदा पडलो.
चौथ्यांदा
तो हसला.